इन्शुरन्स संपला म्हणून लायसन्स रद्द होतं का? उमरखेडच्या गाडीवाल्याचं नेमकं काय अडतं?

उमरखेडहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पैनगंगा ओलांडावी लागते. पुलाच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. मोठा दवाखाना असो की खरेदी, तालुक्याला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ पडतं. त्यामुळे एमएच २९ पासिंगच्या गाड्या या रस्त्यावर सतत असतात. अशीच एखादी दुचाकी हदगावच्या आसपास तपासणीला थांबते, पोलीस मशीनमध्ये नंबर टाकतात आणि इन्शुरन्सची तारीख उलटून गेलेली दिसते. चलान होतं २००० रुपयांचं.

पण गाडीवाल्याच्या मनात दंडापेक्षा दुसरीच धास्ती असते. आता लायसन्स सस्पेंड होणार का? आरसी रद्द झाली तर? आणि ती परत चालू करायला शंभर किलोमीटरच्या वर असलेल्या यवतमाळच्या आरटीओत किती चकरा माराव्या लागतील?

थोडक्यात उत्तर असं की, फक्त इन्शुरन्स संपला या कारणावरून आरटीओ परस्पर लायसन्स निलंबित करत नाही आणि खासगी गाडीची नोंदणीही रद्द होत नाही. पण हे उत्तर ऐकून निश्चिंत होण्यासारखी परिस्थिती अजिबात नाही. कारण आपल्याकडे कागद रद्द झाल्याची नोटीस येत नाही, कागद गुपचूप निकामी होतो. आणि ते कळतं तेव्हा बहुतेक वेळा गाडी विकायची असते, पासिंग करायचं असतं, नाहीतर अपघात होऊन गेलेला असतो.

मग हे लायसन्स सस्पेंडचं आलं कुठून?

बरंचसं अमेरिकेतून. इंटरनेटवर 'इन्शुरन्स लॅप्स' असं शोधलं की जी माहिती आणि जे व्हिडिओ समोर येतात, त्यातले अनेक तिकडचे असतात. उदाहरणार्थ, न्यूयॉर्क राज्यात विमा कंपनी पॉलिसी बंद झाल्याचं सरकारला कळवते आणि गाडीची नोंदणी निलंबित होते. ९० दिवसांच्या वर विम्याविना काढले तर लायसन्सही जातं. मग दिवसाच्या हिशेबाने दंड भरायचा, नवा विमा दाखवायचा, तेव्हा कुठे नोंदणी परत चालू होते. ब्रिटनमध्ये २०११ पासून गाडी घरासमोर नुसती उभी असली तरी एकतर तिचा विमा हवा किंवा ती रस्त्यावर नसल्याचं सरकारला कळवलेलं हवं.

भारतातला मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्याची रचना वेगळी आहे. कलम १४६ म्हणतं की थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी सार्वजनिक ठिकाणी वापरायची नाही. कलम १९६ त्याची शिक्षा सांगतं. पहिल्यांदा २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दंड ४००० रुपये. पूर्वी हा दंड १००० रुपयांपर्यंतच होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो वाढला, पण महाराष्ट्राने वाढीव दंड लगेच लागू केले नाहीत, ते डिसेंबर २०२१ मध्ये आले. शिक्षा फक्त चालवणाऱ्याला नाही. विमा नसलेली गाडी भाच्याला किंवा शेजाऱ्याला चालवायला देणारा मालकही याच कलमात येतो.

लायसन्सचं काय, ते कलम १९ आणि २०६ मध्ये आहे. पोलिसांनी कोणत्या गुन्ह्यात लायसन्स काढून घेऊन निलंबनासाठी आरटीओकडे पाठवायचं, याची यादी कलम २०६ मध्ये दिली आहे. अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं, दुचाकीवर ट्रिपल सीट, हेल्मेट नसणं, रुग्णवाहिकेला वाट न देणं. या यादीत विमा नाही. म्हणजे हेल्मेट नसेल तर कायद्याने तीन महिन्यांसाठी लायसन्स जाऊ शकतं आणि विमा नसेल तर पावतीवर सुटका. हेल्मेट नसल्याने स्वतःचं डोकं फुटतं, विमा नसल्याने दुसऱ्याचं घर बसतं. कायद्याचा हा तराजू जरा विचित्रच आहे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. चलान तडजोडीने भरलं की विषय तिथेच मिटतो. पण प्रकरण कोर्टात गेलं आणि दोष सिद्ध झाला, तर कलम २० नुसार न्यायाधीश दंडाबरोबर ठरावीक काळासाठी लायसन्सही अपात्र ठरवू शकतात. शिवाय वारंवार नियम मोडणाऱ्यांचं लायसन्स निलंबित करण्याकडे सरकारचा कल वाढतो आहे. म्हणून न भरलेल्या चलानांचा ढीग साठवणं परवडणारं नाही.

आरसी रद्द होत नाही, पण तिचा उपयोगही राहत नाही

नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार आरटीओला कलम ५३ देतं. त्यातली मुख्य कारणं अशी: गाडी रस्त्यावर धोकादायक अवस्थेत आहे, किंवा परमिट नसताना भाड्याने चालवली जाते. विम्याचा उल्लेख इथेही नाही.

पण दुचाकी विकायला काढली की गाडी अडते. नाव बदलायला चालू विमा लागतो. फायनान्सचा बोजा उतरवायचा, पत्ता बदलायचा, नांदेडच्या माणसाला गाडी विकली म्हणून एनओसी काढायची, पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा पासिंग करायचं, तर 'वाहन' पोर्टलवर विम्याची तारीख पुढची दिसायला हवी. थकलेली चलानं असतील तर तीही आधी विचारली जातात. लोक याला 'गाडी ब्लॅकलिस्टला गेली' म्हणतात.

भाड्याच्या गाडीचं दुखणं जास्त गंभीर आहे. पिकअप, ऑटो, काळी-पिवळी जीप यांना ठरावीक मुदतीने फिटनेस घ्यावा लागतो आणि चालू विम्याशिवाय फिटनेस होत नाही. कलम ५६ म्हणतं की फिटनेस नसलेल्या प्रवासी किंवा मालवाहू गाडीची नोंदणी वैध मानली जाणार नाही. म्हणजे ज्या निलंबनाला लोक घाबरतात, ते भाड्याच्या गाडीच्या बाबतीत मागच्या दाराने खरंच येतं. कुणी आदेश काढत नाही, पण फिटनेसची तारीख उलटली की ती गाडी कायद्याच्या नजरेत बिननोंदणीची. ती पुन्हा उभी करायची तर क्रम ठरलेला आहे. आधी विमा, मग थकलेला कर आणि चलान, मग पीयूसी, मग फिटनेसची तपासणी. हा क्रम उलटा केला की चकरा वाढतात. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचं शिबीर असतं, त्या तारखा आधी पाहून अपॉइंटमेंट घेतली तर यवतमाळची एखादी फेरी वाचू शकते.

इथे एक जुना पेच होता, तो आता सुटला आहे. २०१७ पासून पीयूसी नसेल तर विमा मिळत नव्हता. ही अट जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढली. अटीमुळे लोक पीयूसी काढण्याऐवजी विम्याविनाच गाड्या चालवत होते, असा मुद्दा त्यामागे होता. त्यामुळे 'पीयूसी नाही म्हणून विमा काढला नाही' हे कारण आता चालत नाही.

इतक्या जणांचा विमा एकदम कसा संपला?

देशातल्या निम्म्याहून जास्त गाड्या विम्याविना आहेत, असं संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये नोंदवलं. यात सगळेच बेफिकीर नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. शोरूममध्ये हप्त्याच्या हिशेबात तो मिसळून जातो. सोयाबीन विकून दसरा-दिवाळीला २०२० मध्ये गाडी घेतलेल्या माणसाला पाच वर्षं विम्याचा विचारच करावा लागला नाही. २०२५ च्या दिवाळीत तो संपला. तोवर शोरूमचा फोन नंबर बदललेला, पॉलिसीचा कागद डिक्कीत भिजून लगदा झालेला.

दुसरा गोंधळ याच्या उलटा. पहिल्या पॉलिसीत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. तो संपल्याचा मेसेज आला की लोकांना वाटतं सगळाच विमा संपला. कागदावर दोन वेगळ्या तारखा असतात. रस्त्यावर पोलीस बघतात ती थर्ड पार्टीची.

आणि किंमत? १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार ७५ ते १५० सीसी दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये आहे. १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ८४३. चालक-मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा, त्याचे थोडे पैसे वर. एका चलानाच्या पैशात दोन वर्षांचा थर्ड पार्टी विमा निघतो.

खरा हिशेब अपघातानंतर सुरू होतो

समजा विमा नसलेल्या दुचाकीने महागाव रस्त्यावर पायी जाणाऱ्या एका माणसाला उडवलं आणि तो गेला. वय ३२, मजुरी आणि थोडी शेती मिळून महिन्याला १२,००० रुपये कमाई, घरात बायको, दोन मुलं आणि आई. भरपाई कशी मोजायची हे सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत ठरवून दिलं आहे. वर्षाची कमाई १ लाख ४४ हजार. चाळिशीच्या आतल्या, पगारी नोकरी नसलेल्या माणसासाठी भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २ लाख १ हजार ६००. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १ लाख ५१ हजार २००. या वयाला १६ ने गुणायचं. होतात २४ लाख १९ हजार २०० रुपये. वर अंत्यविधी आणि इतर ठरावीक रकमा, शिवाय व्याज.

विमा असता तर हे पैसे कंपनीने दिले असते. विमा नाही म्हणजे ते चालवणाऱ्याने आणि मालकाने द्यायचे. दिले नाहीत तर कलम १७४ नुसार न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र पाठवतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे गोष्ट सातबाऱ्यापर्यंत येते. ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याच्याकडून वसूल काय करणार, हा प्रश्न मेलेल्या माणसाच्या बायकोने सोडवायचा. निकाल तिच्या बाजूने लागतो, पैसे येत नाहीत.

गाडीही सहज सुटत नाही. विमा नसलेल्या गाडीने मृत्यू किंवा जखमी होण्याचा अपघात झाला, तर मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ती सोडायची नाही आणि हमी दिली नाही तर तीन महिन्यांनंतर लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करायचे, असा नियम सगळ्या राज्यांनी करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजणाऱ्या काही गाड्यांमागे हेही एक कारण असतं. अपघातानंतर घाईघाईने काढलेल्या विम्याचा त्या अपघातासाठी काही उपयोग नाही. पॉलिसीवर तारखेबरोबर सुरू होण्याची वेळही छापलेली असते.

जुनी गाडी घेणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी यात आणखी एक काटा आहे. उमरखेड, पुसद, हदगाव या पट्ट्यात गाडी स्टॅम्प पेपरवर सही करून विकली जाते आणि आरसीवर नाव जुनंच राहतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी पुढे कितीही हात फिरली असली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी विकून तीन वर्षं झालेल्या माणसाच्या मोबाईलवर चलान येतं, तेव्हा तो त्रास वाटतो. खरं तर तो इशारा असतो. गाडी विकत घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली

ऊस तोडणीच्या दिवसांत पोफाळीच्या वसंत कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टरचा विमा असतो, निदान बँकेच्या कर्जापुरता तरी. ट्रॉली मात्र कायद्याने वेगळं वाहन आहे, तिची नोंदणी वेगळी आणि पॉलिसीत तिचा उल्लेख आणि हप्ता वेगळा लागतो. अपघात ट्रॉलीने झाला आणि पॉलिसीत ट्रॉलीच नसली की कंपनीचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो. शेतीसाठी काढलेल्या विम्यावर ट्रॉलीत वऱ्हाड किंवा मजूर बसवले असतील तर दुसरा मुद्दाही तयार. विमा आहे म्हणून निर्धास्त असलेला शेतकरी इथे फसतो, म्हणून हंगामाआधी पॉलिसीवरचं 'वापर कशासाठी' हे एकदा वाचून बघणं गरजेचं.

दुचाकीवाल्यांनाही तेच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागच्या सीटवर बसलेली व्यक्ती आपोआप येत नाही, असा निकाल तिलक सिंग प्रकरणात २००६ मध्ये झाला. मागच्या सीटवर बहुतेक वेळा घरचंच माणूस असतं. त्यामुळे पॅकेज पॉलिसी परवडत असेल तर तिचा विचार करायला हवा.

विमा संपलाच असेल तर

एमपरिवहन अॅपवर किंवा 'वाहन' पोर्टलवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची तारीख दिसते. संपला असेल तर गाडी घरीच ठेवून आधी पॉलिसी घ्यायची. फक्त थर्ड पार्टी घ्यायचा असेल तर सहसा गाडीची तपासणी लागत नाही, मोबाईलवरूनही होतो. स्वतःच्या नुकसानीचाही विमा हवा असेल तर कंपनी फोटो किंवा व्हिडिओ मागते. खंड ९० दिवसांच्या वर गेला तर साठलेला नो क्लेम बोनस बुडतो. मागच्या तारखेची पॉलिसी कुणी देत नाही. देतो म्हणणारा एजंट खोटा कागद देतो आणि तो कागद कंपनीच्या रेकॉर्डला सापडत नाही.

आधी झालेलं चलान नव्या विम्याने रद्द होत नाही आणि चलान भरलं म्हणजे विमा झाला असंही नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. तपासणीच्या वेळी विमा चालू होता, फक्त सिस्टीममध्ये दिसत नव्हता, असं असेल तर पैसे न भरता ई-चलान पोर्टलवर पॉलिसीची प्रत जोडून तक्रार करायची. चलान भरताना लिंक सरकारी आहे ना हे बघणं महत्त्वाचं. 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल व्हॉट्सअॅपवर पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार सर्रास झाले आहेत. खरं चलान कधीही एपीके फाईल म्हणून येत नाही.

आणि हेल्मेट, ट्रिपल सीट किंवा दारूच्या प्रकरणात लायसन्स खरोखरच निलंबित झालं असेल तर? आदेशाआधी आरटीओने म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. ती नोटीस टाळू नये, तिथे हजर राहून बाजू मांडता येते. आदेश झाल्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. पोलिसांकडून आलेल्या अशा प्रकरणात पहिल्या वेळी मुदत तीन महिन्यांची असते आणि कायद्यानुसार मुदत संपल्यावरही उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. मधल्या काळात गाडी चालवून पुन्हा अपघात झाला तर विमा असूनही कंपनी हात वर करण्याचा प्रयत्न करते. आधी नुकसानग्रस्ताला पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करा, असे आदेश न्यायालयं देतात, पण मालकाची सुटका त्यातही नसते.

नवी पॉलिसी काढल्यावर दोन-चार दिवसांनी पुन्हा एकदा अॅप उघडून बघावं. कंपनीने माहिती पुढे पाठवली नसेल किंवा चासी नंबरात एखादा आकडा चुकला असेल, तर खिशात पॉलिसी असूनही सरकारी नोंदीत गाडी विम्याविनाच दिसते. आरसी समोर ठेवून चासी आणि इंजिन नंबर जुळवायचा आणि चूक असेल तर कंपनीकडून दुरुस्तीचं पत्र घ्यायचं. हे काम आरटीओचं नाही, कंपनीचं आहे, त्यासाठी यवतमाळला जायची गरज पडत नाही.